ट्यूमरमधला कमी ऑक्सिजन दाखवणारे रेडिओॲक्टिव्ह ट्रेसर: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा सोलापूरचा, काम रेडिओफार्मसीत, म्हणजे स्कॅनच्या आधी जे रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन देतात (त्यातल्या रेणूलाच ट्रेसर म्हणतात) ते बनवायचं आणि तपासायचं. गावी आलो की कुणाच्या आईचं रेडिएशन चालू असतं, कुणाच्या काकांना तोंडाचा कॅन्सर निघालेला असतो, कॉलेजच्या पोरांना केमिस्ट्रीचं विचारायचं असतं. हायपॉक्सिया इमेजिंग, म्हणजे गाठीतल्या कमी ऑक्सिजनच्या जागांचा फोटो काढणं, हा माझा आवडीचा विषय आहे त्यामुळे गाडी फिरून फिरून तिथंच येते. जे प्रश्न सारखे येतात ते इथं एकत्र लिहितोय.

प्रश्न: पेशंटचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, मग गाठीत ऑक्सिजन कमी कसा काय?

ऑक्सिमीटर बोटातल्या रक्ताचं सांगतो, गाठीच्या आतलं नाही सांगत. ऑक्सिजन रक्तवाहिनीतून बाहेर पडला की पुढं पेशीपेशींतून झिरपत जातो आणि वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा काढून घेते, त्यामुळं साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडं काही उरतच नाही. उजनीच्या कॅनॉलला जे होतं तेच, वरच्या अंगाला मोटारी सुरू झाल्या की टेलच्या शेतकऱ्याच्या चारीला पाणी येत नाही, मग धरण शंभर टक्के भरलेलं असलं तरी. कॅन्सरची गाठ वाढते झपाट्यानं आणि तिच्या रक्तवाहिन्या त्या वेगानं नीट तयार होत नाहीत, वाकड्यातिकड्या असतात, मध्येच बंद पडतात आणि परत चालू होतात, म्हणून काही जागा कायमच्या उपाशी राहतात तर काही जागा तासा-दोन तासांपुरत्या.

१९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप मायक्रोस्कोपखाली मोजले. कॅन्सरच्या पेशींचा पुंजका मोठा झाला की मधोमध मेलेल्या पेशी दिसायच्या, पण जिवंत पेशींची कड मात्र १८० मायक्रॉनच्या आतच राहायची. आपल्याला त्रास देतात त्या ह्या कडेच्या शेवटच्या पेशी, मेलेल्या भागाला चिकटून असलेल्या, अर्धपोटी पण जिवंत. आकड्यात सांगायचं तर बऱ्याच निरोगी टिश्यूमध्ये ऑक्सिजनचा दाब ३० ते ५० मिलिमीटर मर्क्युरी असतो, आणि १० च्या खाली गेला की साधारणपणे हायपॉक्सिक म्हणतात.

प्रश्न: पण पेशी उपाशी आहेत तर चांगलंच की, मरतील आपोआप?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर नेमकं उलटं आहे. रेडिएशन पेशीच्या डीएनएवर घाव घालतं, आणि तो घाव पक्का व्हायला तिथं ऑक्सिजन लागतो, नसेल तर पेशी तो बराचसा दुरुस्त करून टाकते. ग्रे यांच्या टीमनं १९५३ मध्ये हे नीट मांडलं. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला साधारण अडीच ते तीनपट डोस लागतो. आता विचार करा, पेशंटला तर सगळ्या गाठीला मिळून एकच ठरलेला डोस चाललाय, बाहेरच्या पेशी मरतात, गाठ बारीक होते, घरचे खूश होतात, आणि आतल्या ह्या पेशी वाचलेल्या असतात. सहा महिन्यांनी, वर्षानं परत गाठ त्याच जागी आली की त्यात यांचा हात असू शकतो.

केमोचंही तसंच, रक्तवाहिनीपासून लांब असलेल्या पेशींपर्यंत औषध कमीच पोचतं. वर ऑक्सिजन कमी पडला की पेशीत एचआयएफ नावाचं प्रोटीन टिकून राहतं आणि ते जगायला, पसरायला, नव्या रक्तवाहिन्या काढायला लागणारे जीन चालू करतं. पेशीला ऑक्सिजनची चाहूल कशी लागते हे उलगडल्याबद्दल २०१९ चं मेडिसिनचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना मिळालं.

प्रश्न: मग सिलेंडर लावून ऑक्सिजन द्यायचा ना!

हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात अजून किती बसणार. प्रेशर चेंबरमध्ये बसवून, कार्बोजेन नावाचा गॅस (ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला) देऊन असे प्रयोग बरीच वर्षं झालेत, काही ठिकाणी फायदाही दिसला, पण रोजच्या रेडिएशनच्या रांगेत हे करणं फार अवघड जातं. हिमोग्लोबिनच कमी असेल तर मात्र तो वेगळा मुद्दा आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायकांमध्ये ते कमी असतं, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

प्रश्न: बायोप्सीत हे कळत नाही का?

थोडंफार कळतं. सुईसारखा इलेक्ट्रोड थेट गाठीत घालून दाब मोजायची पद्धत होती, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये त्यानं १९९० च्या दशकात दाखवून दिलं की कमी ऑक्सिजनच्या गाठींचा निकाल वाईट येतो. पण सुई खुपसायची, तीही हाताला लागेल अशाच गाठीत, आणि जिथं खुपसली तिथलंच कळणार. पिमोनिडाझोल नावाचं, कमी ऑक्सिजनच्या पेशींत अडकणारं औषध आधी देऊन मग बायोप्सीचा तुकडा रंगवायची पद्धतही आहे, ती अजून रिसर्चमध्ये कामाला येते. पण तुकडा घेतला तांदळाच्या दाण्याएवढा आणि गाठ लिंबाएवढी, दोन बोटांवरची जागा वेगळी निघू शकते. म्हणून पूर्ण गाठीचा नकाशा पाहिजे, न कापता, आणि पाहिजे तर परत काढता येईल असा.

प्रश्न: आमचा पेट स्कॅन झालाय की, त्यात नाही दिसलं?

तो एफडीजीचा असणार. एफडीजी म्हणजे रेडिओॲक्टिव्ह फ्लोरिन लावलेलं ग्लुकोज. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून गाठ चमकते, ऑक्सिजन असला तरी खातात आणि नसला तरी खातात. त्यामुळं एफडीजी चमकलं म्हणजे हायपॉक्सिया, असं म्हणता येत नाही. गाठ कुठं आहे, कुठं पसरलीय हे बघायला तो स्कॅन उत्तमच आहे, फक्त हा प्रश्न त्याला विचारायचा नाही.

प्रश्न: ऑक्सिजन नाही हे इंजेक्शनला कळतं कसं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, जरा लांबड लागेल.

जुलाब झाल्यावर घेतो ती मेट्रोजिल सगळ्यांना माहितीय, त्यातलं औषध मेट्रोनिडाझोल, ते नायट्रोइमिडाझोल कुटुंबातलं. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर ते चालतं, आणि जी केमिस्ट्री तिथं चालते तीच गाठीत वापरायची ही आयडिया. रेणूवर एक नायट्रो ग्रुप असतो. रेणू पेशीत शिरला की पेशीतले एन्झाइम त्या नायट्रो ग्रुपला एक इलेक्ट्रॉन देतात. आता दोन शक्यता. पेशीत ऑक्सिजन असेल तर तो हा इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो, रेणू परत होता तसा होतो आणि हळूहळू बाहेर निघून जातो. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन काढून घेणारं कुणी नाही, मग दुसरा मिळतो, तिसरा मिळतो, रेणू बदलत जातो आणि शेवटी इतका चिकट होतो की पेशीतल्या प्रोटीनना कायमचा जोडला जातो. याच रेणूला आपण आधीच रेडिओॲक्टिव्ह अणू लावून ठेवलेला असतो, त्यामुळं दोन-चार तासांनी जिथं सिग्नल शिल्लक आहे ती जागा कमी ऑक्सिजनची.

यात एक फार चांगली गोष्ट अशी की इलेक्ट्रॉन द्यायला पेशी जिवंत लागते. मेलेल्या भागात ऑक्सिजन शून्य असला तरी ट्रेसर अडकत नाही. म्हणजे आपल्याला ज्या अर्धपोटी जिवंत पेशी शोधायच्यात त्याच दिसतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही, केमिस्ट्रीच तशी आहे, आणि मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

प्रश्न: मग मेट्रोनिडाझोललाच रेडिओॲक्टिव्ह करून टाका की, स्वस्त पण पडेल?

केमिस्ट्रीवाल्या पोरांचा हा प्रश्न असतो आणि बरोबर आहे. अडचण इलेक्ट्रॉन घ्यायच्या सोपेपणाची. मेट्रोनिडाझोल ५-नायट्रो आहे (आकडा म्हणजे नायट्रो ग्रुप रिंगवर कुठल्या जागी बसलाय ते), त्याचं पहिल्या इलेक्ट्रॉनचं रिडक्शन पोटेन्शियल उणे ४८६ मिलिव्होल्ट. त्याच कुटुंबातलं मिसोनिडाझोल २-नायट्रो आहे, त्याचं उणे ३८९. म्हणजे मिसोनिडाझोल आपल्या पेशीत जास्त सहज इलेक्ट्रॉन घेतं. मेट्रोनिडाझोलचे ट्रेसर लोकांनी बनवलेत, नाही असं नाही, पण बहुतेक काम २-नायट्रोवरच झालंय. ह्या २-नायट्रोइमिडाझोलचा मूळ पुरुष ॲझोमायसिन, जपानमध्ये १९५३ मध्ये जंतूंपासून मिळालेलं अँटिबायोटिक.

प्रश्न: एफमायसो म्हणजे काय आणि ते बनतं कुठं?

एफमायसो म्हणजे फ्लोरोमिसोनिडाझोल, त्यात फ्लोरिन-१८ लावलेलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या ग्रुपनं त्यावर मोठं काम केलं आणि आजही नवीन कुठलाही ट्रेसर आला की त्याची तुलना एफमायसोशीच होते.

बनवायचं कसं ते जवळून सांगतो कारण बाहेरच्या माणसाला हे बघायला मिळत नाही. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे प्रोटॉनला प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजन-१८ वालं खास पाणी असतं, फार थोडं, दोन-अडीच मिली, त्यावर प्रोटॉनचा मारा केला की फ्लोरिन-१८ तयार होतं. ते पाणी बारीक नळीतून शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत येतं, तिला हॉट सेल म्हणतात. आत हात घालता येत नाही, सगळं मॉड्यूल करतं, आपण बाहेर स्क्रीनवर बघत बसायचं. एका छोट्या कार्ट्रिजवर फ्लोराइड अडकतं, पाणी पुढं जातं, मग पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्सच्या (फ्लोराइडला रिॲक्शनसाठी मोकळं ठेवणारं रसायन) द्रावणानं ते फ्लोराइड सोडवून घ्यायचं, ॲसिटोनायट्राइल घालून घालून पार कोरडं करायचं. हे कोरडं करणं म्हणजे जीव टांगणीला. थोडं पाणी राहिलं तर फ्लोराइड त्या पाण्यालाच धरून बसतं आणि रिॲक्शनला येत नाही. मग प्रिकर्सर, म्हणजे ज्याला फ्लोरिन जोडायचं तो कच्चा रेणू, तापवणं, ॲसिडनं संरक्षक ग्रुप काढणं, शुद्ध करणं, शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून बाटलीत. साधारण तासभर जातो आणि फ्लोरिन-१८ ची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ११० मिनिटं, म्हणजे बनवता बनवताच जवळपास एक तृतीयांश माल गेलेला असतो.

मग क्वालिटी कंट्रोल: पीएच, शुद्धता, क्रिप्टोफिक्स उरलंय का, सॉल्व्हंट किती, एंडोटॉक्सिन (जंतूंपासून येणारं, ताप आणणारं विष), फिल्टर फाटला नाही ना. निर्जंतुकतेच्या टेस्टला तर चौदा दिवस लागतात, म्हणजे तिचा रिझल्ट येईस्तोवर पेशंट घरी जाऊन दोन आठवडे झालेले असतात. म्हणूनच जागा, हवा, माणसाची पद्धत हे सगळं आधीच सिद्ध करून ठेवावं लागतं. ज्याला या कामात यायचंय त्यानं हे लक्षात घ्यावं, इथं घाईत एखादी स्टेप सोडली तर ती सुई थेट कुणाच्या तरी शिरेत जाणार असते.

प्रश्न: एफमायसो आहे तर अजून नवीन नवीन का शोधतात?

कारण त्याचा फोटो फिका येतो. रेणू जरासा तेलकट आहे, पेशीत शिरायला ते बरं पडतं, पण निरोगी भागातून बाहेर पडायला तो वेळ लावतो. म्हणून इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबायचं, तोवर फ्लोरिन निम्म्याहून कमी झालेलं, आणि एवढं करून गाठीचा सिग्नल रक्ताच्या १.२ किंवा १.४ पट आला तरी हायपॉक्सिक म्हणायचं. एफडीजीत जशी गाठ लखलखते तसं इथं होत नाही, वाचणारा डॉक्टर अनुभवी लागतो.

म्हणून रेणू जास्त पाण्यात विरघळणारा करायचा. कॅनडात एडमंटनला त्याच्यावर साखरेचा तुकडा लावून फाझा बनवलं, ते रक्तातून लवकर साफ होतं. एचएक्स४ मध्ये ट्रायाझोलची रिंग आहे, तेही किडनीवाटे बाहेर पडतं. पण फार पाणीदार केलं की पेशीत शिरतच नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठं तरी जागा शोधायची, आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

कॉपर-एटीएसएम हा वेगळ्याच जातीचा, नायट्रो ग्रुपच नाही, कॉपरच तिथं रिड्यूस होऊन अडकतं. १९९७ मध्ये जपानी ग्रुपनं मांडला, फोटो लवकर आणि ठळक येतो, लोक फार खूश झाले. पुढं काही गाठींमध्ये त्याचा नकाशा खऱ्या हायपॉक्सियाशी जुळेना. माझं मत असं की फोटो सुंदर येतो म्हणून ट्रेसर चांगला असं धरायला नको, तो जे दाखवतोय ते काय आहे हे आधी सिद्ध व्हायला पाहिजे.

प्रश्न: ते सिद्ध कसं करतात?

पहिल्यांदा पेशींवर. एकाच पेशी दोन डिशमध्ये, एक साध्या हवेत, एक नायट्रोजन भरलेल्या चेंबरमध्ये, दोन्हीत ट्रेसर घालायचा आणि काही तासांनी कुठं किती अडकलं ते मोजायचं. इथं पटीत फरक आला नाही तर तिथंच थांबावं. मग तो रक्ताच्या सीरममध्ये टिकतो का बघायचं, मग उंदरांवर, कुठल्या अवयवात किती गेलं ते. लिव्हर आणि आतड्यात फार जात असेल तर पोटातल्या गाठीला तो ट्रेसर निरुपयोगी. गाठीचे काप काढून एका कापावर ट्रेसरचा ठसा आणि शेजारच्या कापावर पिमोनिडाझोलचा रंग, हे दोन्ही जुळले पाहिजेत. उंदराला ऑक्सिजन जास्त दिला तर सिग्नल खाली यायला पाहिजे. एवढं झाल्यावर माणसात डोस किती बसतो ते, आणि आजचा स्कॅन आणि परवाचा स्कॅन सारखा येतो का ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर उपचारानं फरक पडला की ट्रेसरचाच चढउतार आहे हे कळणार कसं.

एक मर्यादा कुठल्याच ट्रेसरनं जात नाही. पेटचा एक ठिपका चार-पाच मिलिमीटरचा, आणि हायपॉक्सिया चालतो मायक्रॉनच्या हिशोबात. म्हणजे एका ठिपक्यात भरल्यापोटी आणि उपाशी पेशी मिसळलेल्या असतात, दिसते ती सरासरी.

प्रश्न: हे सगळं मुंबई-अमेरिकेचं झालं, सोलापूरला काय?

हाच खरा प्रश्न आहे आणि या पानाचं कारणही हेच आहे.

हिशोब करू. समजा हैदराबादला सायक्लोट्रॉनवर एफमायसो बनलं आणि गाडीनं इकडं निघालं. तीनशेच्या वर किलोमीटर, पॅकिंग, ट्रॅफिक धरून साडेपाच तास धरा. साडेपाच तास म्हणजे बरोबर तीन हाफ-लाइफ, निघताना आठ भाग होते तर पोचताना एक. त्यात इंजेक्शन दिल्यावर परत दोन-तीन तास थांबायचंय, म्हणजे त्या एकातलंही अर्ध्याहून जास्त जाणार. मुंबई तर अजून लांब. एफडीजीला तासाभरात स्कॅन होतो म्हणून ते लांबचा प्रवास थोडाफार सोसतं, एफमायसोला ते जमत नाही.

आता टेक्नेशियम-९९एम बघा. हाफ-लाइफ सहा तास, आणि ते लांबून आणायचंच नाही, मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर येतो, मॉलिब्डेनमची हाफ-लाइफ ६६ तास, त्यामुळं एक जनरेटर आठवडाभर रोज सकाळी टेक्नेशियम देतो. अणुऊर्जा खात्याच्या वाशीच्या ब्रिट या संस्थेकडून देशभर असा पुरवठा होतो. हाडांचा, थायरॉइडचा, किडनीचा जो साधा न्यूक्लिअर स्कॅन असतो तो बहुतेक याच्यावरच चालतो, गॅमा कॅमेऱ्यावर, आणि औषधाची फ्रीज-ड्राय किट तयार असते, बाटलीत टेक्नेशियम टाकायचं, हलवायचं, ठरलेला वेळ ठेवायचं, तपासायचं आणि द्यायचं. हायपॉक्सियाची अशी एक किट निघाली तर सायक्लोट्रॉन लागणार नाही, जिथं साधा गॅमा कॅमेरा आहे तिथं हा स्कॅन होईल. फोटो पेटएवढा बारीक येणार नाही हे मान्य, पण इथल्या बाईला मुंबईची रात्रगाडी न पकडता जे कळेल त्याची किंमत मला जास्त वाटते.

आणि गरज कुणाला आहे तेही बघा. हायपॉक्सियाचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय तो डोकं-मान आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये, कारण तिथं रेडिएशनवर भिस्त असते. आपल्याकडं चौकाचौकात मावा मळून मिळतो, घराघरात मशेरी, त्यामुळं तोंडाचे पेशंट किती ते इथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली, तिनं खेड्यातल्या बायकांमधला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आकड्यात मांडला. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एक लाखाच्यावर बायकांवर झालेला स्क्रीनिंगचा अभ्यास २००९ मध्ये आला आणि एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या, एकाच टेस्टनं मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात हे जगाला इथून कळलं. म्हणून लहान गावात रिसर्च होत नाही असं मला कुणी सांगू नये.

प्रश्न: टेक्नेशियमचं एवढं सोपं आहे तर अजून किट का आली नाही?

कारण फ्लोरिन एक छोटा अणू, लावला तरी रेणूला फारसं कळत नाही. टेक्नेशियम धातू आहे, त्याला धरून ठेवायला मोठा पिंजरा, म्हणजे लिगँड लागतो, आणि मग नायट्रोइमिडाझोल त्या पिंजऱ्याच्या शेपटीला लटकलेलं राहतं. रेणू मोठा झाला, पेशीत शिरायचा वेग कमी झाला, लिव्हरकडं ओढा वाढला. आणि रक्तातून लवकर निघून गेला तर गाठीला तेवढा वेळच मिळत नाही. १९९० च्या दशकात एचएल९१ वगैरे काही माणसांपर्यंत पोचले पण रोजच्या वापरात आले नाहीत. बीएआरसीच्या (मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र) रेडिओफार्मास्युटिकल्स डिव्हिजननं यावर बरीच वर्षं चिकाटीनं काम केलंय, वेगवेगळे पिंजरे, २-नायट्रो, ४-नायट्रो, ५-नायट्रो सगळं लावून बघितलंय, आणि त्यातून एक गोष्ट समोर आलीय की नुसतं रिडक्शन पोटेन्शियल चांगलं असून भागत नाही, रेणू रक्तात किती वेळ राहतो तेही तेवढंच महत्त्वाचं. गॅलियम-६८ चा पर्याय आहे, त्याचाही जनरेटर असतो आणि फोटो पेटचा मिळतो, पण तो जनरेटर महाग.

प्रश्न: फोटो काढून उपचारात फरक पडतो का, की नुसतंच कळतं?

ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रायलचे आकडे मला पाठ आहेत. डोकं-मानेच्या कॅन्सरचे ४५ पेशंट, सगळ्यांचा एफमायसो स्कॅन. साधं रेडिएशन-केमो मिळालेल्यांत ज्यांना हायपॉक्सिया नव्हता अशा १० पैकी एकाला गाठ परत आली, ज्यांना होता अशा १३ पैकी ८ जणांना. आणि हायपॉक्सिया असून टिरापाझामिन नावाचं, कमी ऑक्सिजनमध्येच चालणारं औषध मिळालं अशा १९ पैकी फक्त एकाला. एवढा फरक. मग तेच औषध घेऊन ८६१ पेशंटची मोठी ट्रायल झाली, पण स्कॅन करून निवड न करता सगळ्यांनाच दिलं, आणि फायदा दिसला नाही, २०१० मध्ये छापून आलं. रेडिएशनच्या क्वालिटीचेही प्रश्न त्यात होते, पण निवड न करणं ही मोठी चूक होती असंच मला वाटतं. ज्याला गरज नाही त्याला औषध देऊन सरासरी काढली तर गरजवंताचा फायदा त्यात बुडतो.

डेन्मार्कमध्ये निमोराझोल, हेसुद्धा नायट्रोइमिडाझोलच, रेडिएशनबरोबर देतात. त्यांच्या ट्रायलमध्ये पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेले ३३ टक्क्यांवरून ४९ टक्के झाले. दुसरीकडच्या नंतरच्या ट्रायलमध्ये तसा फायदा आला नाही. उलट्या बाजूनंही वापर आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एचपीव्हीमुळं झालेल्या घशाच्या कॅन्सरमध्ये एफमायसोवर हायपॉक्सिया नसेल तर ७० ग्रेऐवजी (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) ३० ग्रेच दिलं आणि बहुतेकांचा कॅन्सर दोन वर्षांनी आटोक्यात होता. आपल्याकडचे तंबाखूचे कॅन्सर वेगळे, त्यांना हे तसंच्या तसं लावता येणार नाही, कुणी डॉक्टरांकडं जाऊन डोस कमी करा म्हणू नका.

प्रश्न: या इंजेक्शनचा त्रास होतो का? घरात लहान बाळ आहे.

औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, औषधाचा म्हणून परिणाम होत नाही. एफमायसोच्या नेहमीच्या डोसमध्ये साधारण ५ मिलिसिव्हर्टच्या आसपास रेडिएशन मिळतं, आपण जगात कुठंही राहिलो तरी निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतंच, म्हणजे दोन वर्षांचं एकदम. बरोबरचा सीटी धरला तर थोडं अजून. भरपूर पाणी प्यायचं, लघवीला सारखं जायचं, त्या दिवशी बाळाला मांडीवर घेणं टाळायचं. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधीच सांगा, लाजू नका.

प्रश्न: दादा, वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे, हा स्कॅन कुठं होईल? पैसे लागले तरी चालतील.

थांबू नका आणि शोधत फिरू नका. हा स्कॅन अजून मुख्यतः ट्रायलमध्येच होतो, तो नाही झाला म्हणून वडिलांचं काही अडत नाही. रेडिएशन वेळेत सुरू होणं आणि मध्ये खंड न पडणं हे त्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, यात्रा आली, लग्न आलं म्हणून तारखा चुकवू नका. आणि हायपॉक्सियाचंच म्हणाल तर आपल्या हातातल्या दोन गोष्टी आहेत. बिडी-सिगारेट आजपासून बंद, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो आणि गाठीला ऑक्सिजन अजून कमी पोचतो, रेडिएशन चालू असताना ओढणाऱ्यांचे निकाल वाईट येतात. मावापण बंद हे वेगळं सांगायला नको. दुसरं, हिमोग्लोबिन किती आहे ते डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तसं करा, मनानं टॉनिक आणू नका.

प्रश्न: सर, सोलापूर युनिव्हर्सिटीतून एमएस्सी केमिस्ट्री करतोय, या लाइनला येता येईल का?

येता येईल आणि यावं असं मला मनापासून वाटतं. न्यूक्लिअर मेडिसिन आणि हॉस्पिटल रेडिओफार्मसीचे कोर्स मुंबईत बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरशी जोडलेले आहेत, जाहिरात बघून पात्रता तपासा, आणि रेडिओॲक्टिव्ह काम करायला एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम समजून घ्या.

पण रेडिओॲक्टिव्हिटीला हात लावायच्या आधीचं कितीतरी काम साध्या लॅबमध्ये होतं. पिंजरा म्हणजे लिगँड डिझाइन करणं, त्याला २-नायट्रोइमिडाझोल जोडणं, शुद्ध करणं, एनएमआर आणि मासनं खात्री करणं, ऑक्टेनॉल आणि पाण्यात तो किती-किती वाटला जातो ते मोजणं, सायक्लिक व्होल्टमेट्रीवर पोटेन्शियल बघणं. टेक्नेशियमऐवजी रेनियम घ्यायचं, ते त्याच्याच खालचं मूलद्रव्य, केमिस्ट्री जवळजवळ तशीच आणि लॅबच्या हिशोबानं रेडिओॲक्टिव्ह नाही. रेनियमचं कॉम्प्लेक्स नीट ओळखलं गेलं की टेक्नेशियमवाल्या लॅबला एचपीएलसीवर जुळवायला तेच लागतं. एवढं हातात घेऊन मोठ्या लॅबकडं गेलात तर तुमचं ऐकून घेतात, माझा तसाच अनुभव आहे. लिगँड निवडताना एक करा, पहिल्या दिवसापासून त्याची किट बनेल का हा विचार करा: किती स्टेप, किती तापवावं लागतं, बाटलीत कोरडा टिकतो का. आठ स्टेपचा सुंदर रेणू पेपरला चालतो, सकाळी नऊ वाजता एकटा टेक्नॉलॉजिस्ट असलेल्या जिल्ह्याच्या गावात नाही चालत.